डिझेल कोणत्या कंपनीचें चांगलें ?

अमरावती-अकोला रस्त्यावर मालमोटार हांकणारा असो, मोर्शी-वरुडकडे संत्र्याच्या बागेंत ट्रॅक्टर चालविणारा असो, कीं सुटींत घरच्या गाडीनें चिखलदऱ्यास जाणारा असो, ज्याच्या गाडींत डिझेल पडतें त्याचा एखाद्या पंपावर विश्वास असतो आणि दुसऱ्या एखाद्यावर राग असतो. "अमक्या कंपनीचें डिझेल घातलें कीं गाडी हंसत चढ चढते, तमक्या कंपनीचें घातलें कीं तिला धाप लागते," असें ठामपणें सांगणारीं माणसें आपल्या वऱ्हाडांत गांवोगांव भेटतात. मिस्त्रीही आपलें मत देतो, आणि त्याच्या मताला वजन असतें, कारण उघडलेलें इंजिन त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलें असतें. हीं मतें खरीं कीं खोटीं, आणि खरीं असल्यास कितपत खरीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. प्रश्न वरवर पाहतां करमणुकीचा वाटेल. परंतु ज्या घराचा चरितार्थ एका मालमोटारीवर किंवा भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालतो, त्या घरीं लिटरमागें अर्धा किलोमीटर कमीअधिक होणें म्हणजे पोराची फी वेळेवर भरली जाणें किंवा न जाणें होय.

डिझेल हें मूळचें तेलाचें नांव नव्हे, माणसाचें आहे. रुडॉल्फ डिझेल हा जर्मन यंत्रशास्त्रज्ञ १८५८ सालीं पॅरिस येथें जन्मला. त्यानें योजिलेलें इंजिन ऑग्सबर्गच्या कारखान्यांत १८९७ सालीं समाधानकारक रीतीनें चाललें. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनांत या जातीचें एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यांत आलें होतें, आणि तें इतकें सुरळीत चाललें कीं पाहणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांच्या तें ध्यानांत आलें. सरकी आणि भुईमूग पिकविणाऱ्या आपल्या मुलखास ही गोष्ट ऐकून मौज वाटावी. इंजिनाची ही सोशीकता लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पुढें तिचें काम पडणार आहे. खुद्द डिझेल १९१३ सालीं इंग्लंडला जात असतांना बोटीवरून रात्रींतून नाहींसा झाला. आपल्याकडे हें इंजिन प्रथम विहिरीवर व पिठाच्या गिरणींत रुळलें. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं पुण्यास निघाली, आणि तिच्या इंजिनांचा आवाज महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या कानांस घरचाच झाला. रुळांवर मात्र तें आपल्या भागांत सावकाश आलें. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरील शकुंतला गाडीस मँचेस्टर येथें १९२१ सालीं बांधलेलें वाफेचें इंजिन होतें. त्याची जागा डिझेल इंजिनानें घेतली ती १५ एप्रिल १९९४ रोजीं.

आतां इंजिनाच्या आंत काय चालतें तें पाहूं. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. नळकांड्यांतील हवा दट्ट्या दाबतो. ती मूळ आकाराच्या सोळाव्या, अठराव्या भागाएवढी होते आणि दाबल्यामुळें अशी तापते कीं तींत तेलाचा फवारा शिरतांच तो आपोआप पेट घेतो. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें बूड गरम लागतें, तोच प्रकार येथें फार मोठ्या प्रमाणावर होतो. फवारा शिरणें आणि पेट घेणें यांच्यामध्यें क्षणाचा अत्यंत लहान अंश जातो. हा विलंब जितका कमी तितकें इंजिन शांत चालतें. विलंब वाढला तर अगोदर शिरलेलें सगळें तेल एकदम भडकतें आणि इंजिन खडखडतें. तेलाचा हा गुण ज्या अंकानें मोजतात त्यास सेटेन अंक म्हणतात. सेटेन नांवाच्या शुद्ध द्रवाला १०० अंक धरून त्याच्याशीं बाकीच्या तेलांची तुलना केलेली असते. भारतांत विकल्या जाणाऱ्या डिझेलचा सेटेन अंक निदान ५१ असला पाहिजे असा नियम आहे. मग ५१ पेक्षां ५६ अंकाचें तेल घातल्यास गाडीची शक्ति वाढेल काय ? फारशी नाहीं. थंडींत सकाळीं इंजिन लवकर सुरू होईल, आवाज किंचित् कमी होईल. परंतु इंजिनाची गरज भागल्यावर वरच्या अंकांचा उपयोग जेवण झाल्यावर वाढलेल्या भाताइतकाच.

ज्या नियमाचा उल्लेख वर केला तो आपल्या प्रश्नाच्या मुळाशीं आहे. वाहनाच्या डिझेलसाठीं भारतीय मानक १४६० या क्रमांकाचें एकच मानक सर्व देशास लागू आहे. सरकारी कंपनी असो वा खाजगी, मुंबईचा पंप असो वा दर्यापूरचा, तेल त्या मानकांत बसलें पाहिजे. गंधक किती असावें, पाणी किती चालेल, घट्टपणा किती, झीज थांबविण्याचा गुण किती, हें सर्व त्यांत आंकड्यांनिशीं ठरलेलें आहे. दुसरी गोष्ट अशी कीं पंपावरच्या पाटीचा रंग वेगळा असला तरी तेल वेगळ्या भट्टींतून आलेलें असतेंच असें नाहीं. मुंबईस माहुल-तुर्भे भागांत दोन मोठ्या तेलशुद्धीकरण गिरण्या शेजारीं शेजारीं उभ्या आहेत. एक स्टॅनव्हॅक कंपनीनें १९५४ सालीं सुरू केली. ती पुढें एस्सोची झाली आणि १९७४ सालीं सरकारनें एस्सो ताब्यांत घेतल्यावर हिंदुस्थान पेट्रोलियमकडे आली. दुसरी १९५५ सालची बर्मा-शेलची; ती १९७६ सालीं सरकारकडे येऊन आज भारत पेट्रोलियमची आहे. इंडियन ऑइल ही तिसरी, जिचें हल्लींचें रूप १९६४ सालीं बनलें. या तीन कंपन्या आपापसांत मालाची देवघेव करतात. कारण ज्या भागांत एकीची गिरणी जवळ आहे तेथें दुसरीनें दूरवरून तेल आणणें म्हणजे वाहतुकीचा खर्च फुकट घालविणें होय. अकोल्याजवळ गायगांव येथें तेलकंपन्यांचे डेपो आहेत. तेथून निघालेल्या टँकरवर कंपनीचें नांव निरनिराळें असेल. आंतल्या तेलाचें माहेर एकच असण्याचा संभव पुष्कळ आहे.

"तर मग लिटरमागें किलोमीटर कमीजास्त कां पडतात ?" असें कोणी विचारील. ज्यास आपण बोलतांना 'ॲव्हरेज' म्हणतों त्याचा संबंध तेलांतील उष्णतेशीं आहे. एक किलोग्रॅम डिझेल जाळलें असतां जी उष्णता निघते ती कंपनीगणिक जवळजवळ बदलत नाहीं. पण आपण डिझेल किलोवर विकत घेत नाहीं, लिटरवर घेतों. एक लिटर डिझेलचें वजन कधीं ८२० ग्रॅम, कधीं ८४५ ग्रॅम भरतें. तेंही मानकांत बसूनच. म्हणजे कायद्याच्या चौकटींत राहूनही एका लिटरांत दोनतीन टक्के उष्णता कमी किंवा अधिक असूं शकते. हा फरक कंपनीच्या गुणाचा नसून त्या त्या खेपेचा असतो. कोणत्या खनिज तेलापासून तें गाळलें, गिरणींत त्या आठवड्यांत काय मिसळलें, यावर तो अवलंबून असतो. उन्हाळ्याचाही येथें थोडा हात आहे. डिझेल दहा अंशांनीं तापलें कीं त्याचें आकारमान सुमारें ०.८ टक्क्यानें वाढतें, म्हणून तापलेल्या लिटरांत तेल वजनानें थोडें कमी असतें. पंपाच्या टाक्या जमिनींत पुरलेल्या असल्यामुळें अकोल्याचें ऊन ४५ अंशांच्या वर गेलें तरी आंतलें तेल तितकें तापत नाहीं, हें आपलें सुदैव. पहाटे डिझेल भरल्यास फार फायदा होतो हा समज त्यामुळें जवळजवळ निराधार ठरतो.

कंपन्यांच्या तेलांत खरोखर जो फरक असतो तो त्यांत घातलेल्या औषधांचा. २००० नंतरच्या वर्षांत एक्स्ट्रामाईल, टर्बोजेट अशा नांवांचीं डिझेलें आपल्या बाजारांत आलीं. परदेशी नांवाच्या पंपांवरही अशींच खास तेलें मिळतात. मूळ तेल तेंच. त्यांत अल्प प्रमाणांत कांहीं रसायनें मिसळलेलीं असतात. एक रसायन फवाऱ्याच्या तोंडाशीं सांचणारी काजळी धुऊन काढतें, एक गंज धरूं देत नाहीं, एक फेंस मारतें, एक सेटेन अंक चढवितें. यांपैकीं धुण्याचें काम करणारें रसायन महत्त्वाचें आहे. फवाऱ्याचें तोंड काजळीनें अरुंद झालें कीं तेल बारीक तुषार न होतां धारेनें पडतें, नीट जळत नाहीं, धूर होतो आणि शक्ति घटते. अशा मळलेल्या इंजिनांत औषधी डिझेल कांहीं टाक्या सतत घातल्यास गमावलेली शक्ति बऱ्याच अंशीं परत येऊं शकते. परंतु इंजिन मुळांतच स्वच्छ असेल तर परत यावयास कांहीं उरलेलेंच नसतें. म्हणूनच एकाच गांवांत एक मालक "खास तेलानें गाडी नवी झाली" म्हणतो आणि दुसरा "पैसे पाण्यांत गेले" म्हणतो. दोघेही खरें बोलत असतात. एकच टाकी भरून दुसऱ्या दिवशीं चमत्कार पाहणाऱ्याच्या अनुभवावर मात्र माझा विश्वास बसत नाहीं. काजळी इतक्या घाईनें जात नसते.

येथें जुन्या व नव्या इंजिनांतील भेद सांगणें अवश्य आहे; कारण बापाचा अनुभव मुलाच्या गाडीस लागू पडेलच असें आतां राहिलेलें नाहीं. विहिरीवरचें जुनें ऑइल इंजिन हवेच्या दाबाच्या सुमारें दोनशें पट दाबानें तेल फवारीत असे. त्याच्या तोटींत थोडा कचरा अडकला तर मिस्त्री ती काढी, पुसी आणि परत बसवी. डिझेलसाहेबाचें इंजिन भुईमुगाच्या तेलावर चाललें तें याच सोशीकपणामुळें. आजच्या गाडींत हा दाब दोन हजार पटींपर्यंत जातो. तोटीचें भोंक मिलिमीटरच्या दशांशाएवढें असतें. आणि पंपाचे आंतले भाग एकमेकांवर इतके चपखल बसतात कीं त्यांच्यामधील फट केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही लहान असते. या भागांना वेगळें वंगण नसतें, डिझेल हेंच त्यांचें वंगण. पूर्वीं डिझेलमध्यें गंधक एक टक्क्यापर्यंत चालत असे, म्हणजे दहा लाख भागांत दहा हजार. तें उतरत उतरत १ एप्रिल २०१७ पासून देशभर ५० भागांवर आलें आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा या मानकानें अवघें १० भागांवर आणलें. हवेच्या दृष्टीनें हा मोठाच लाभ झाला, आणि नव्या गाड्यांच्या धूर गाळणाऱ्या उपकरणांस तर इतकें शुद्ध तेल लागतेंच. पण गंधक काढतांना तेलांतील नैसर्गिक वंगणगुणही निघून जातो. स्वीडनमध्यें १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत गंधकरहित डिझेल विक्रीस येतांच गाड्यांचे पंप झिजून बंद पडूं लागले, तेव्हां ही गोष्ट सर्वांस कळली. हल्लीं गिरणींतून निघतांनाच तेलांत वंगणगुणाचें औषध घालतात आणि त्याची कसोटीही मानकांत आहे. पोलादी गोळी तेलांत बुडवून पोलादाच्या चकतीवर ठरावीक वेळ घासतात. गोळीवर पडलेला झिजेचा डाग मिलिमीटरच्या ०.४६ भागाहून मोठा होतां कामा नये.

एवढ्यावरून असें दिसेल कीं गिरणींतून शुद्ध निघालेलें तेल आपल्या टाकींत शुद्धच पडलें, तर पाटीवर कोणतेंही नांव असलें तरी गाडीच्या चालींत जाणवण्याजोगा फरक पडूं नये. सारा घोटाळा गिरणी आणि गाडी यांच्या मधल्या प्रवासांत होतो.

त्यांतला सर्वांत मोठा घोटाळा भेसळीचा. रॉकेल हें डिझेलहून पातळ, हलकें आणि वंगणगुणानें दुबळें. तें मिसळलेलें डिझेल पेटतें, गाडीही चालते. त्यामुळें ग्राहकास कित्येक दिवस कळत नाहीं. पंप मात्र आंतून झिजत असतो आणि झिजेचे धातुकण तोट्यांत जाऊन बसत असतात. शिधापत्रिकेवरचें रॉकेल डिझेलपेक्षां फार स्वस्त होतें त्या काळीं या मिसळण्यांत अमाप पैसा होता. तेल ओळखतां यावें म्हणून सरकारनें शिधापत्रिकेच्या रॉकेलास निळा रंग दिला. भेसळ करणाऱ्यांनीं तो रंग घालविण्याच्या युक्त्या शोधल्या. इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम् यांनीं उत्तर प्रदेशांतील लखीमपूर खेरी भागांत भेसळीवरून पंपावर कारवाई केली, म्हणून नोव्हेंबर २००५ मध्यें त्यांचा खून झाला. आपल्या महाराष्ट्रांत २५ जानेवारी २०११ रोजीं, प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या दिवशीं, मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळून जात असतां त्यांना टँकरपाशीं तेलाचा गैरप्रकार चाललेला दिसला. ते थांबले, छायाचित्रें घेऊं लागले. आणि तेथेंच त्यांना भर दिवसां जिवंत जाळण्यांत आलें. मनमाड हें राज्यांतील तेलसांठ्यांचें मोठें ठाणें आहे. ज्या तेलाच्या चांगलेंवाईटपणावर आपण चहाच्या टपरीवर वाद घालतों, त्याच्या शुद्धतेसाठीं एका अधिकाऱ्यानें प्राण वेंचले आहेत. रॉकेलचें तें स्वस्त सवलतीचें युग आतां बहुतेक संपलें आहे. तथापि लोभ संपत नाहीं. जैवडिझेल या गोंडस नांवाखालीं भलतींच औद्योगिक तेलें विकण्याचे प्रकार गेल्या कांहीं वर्षांत गुजरात-महाराष्ट्रांत उघडकीस आले. खरें जैवडिझेल वाईट नाहीं, मानकाप्रमाणें थोडें मिसळण्यास मुभाही आहे. हें तोतया तेल मात्र नव्या इंजिनाचा काळ आहे.

दुसरा शत्रु पाणी. मानकाप्रमाणें एक किलोग्रॅम डिझेलमध्यें २०० मिलिग्रॅमहून अधिक पाणी चालत नाहीं. पंपाच्या टाकीचें झांकण सैल असलें किंवा पावसाचें पाणी मुरलें तर तें तळाशीं बसतें, कारण तें तेलाहून जड. तेल आणि पाणी जेथें भेटतात तेथें सूक्ष्म जंतु वाढून काळपट बुळबुळीत साय धरते, आणि ती फिल्टर तुंबविते. पंपावर नवा टँकर रिता होत असतांना तळचा गाळ ढवळला जातो. त्या वेळीं घाई नसल्यास पुढच्या पंपावर जाणें बरें. परंतु पंपवाल्यासच सर्व दोष देणें न्यायाचें नाहीं. पेरणीच्या दिवसांत आपले शेतकरी पिंपांत डिझेल आणून गोठ्याच्या कोपऱ्यांत ठेवतात. पिंप अर्धें रिकामें असलें कीं रात्रीच्या गारव्यानें आंतल्या हवेंतील वाफेचें पाणी होऊन तळाशीं उतरतें. धोतराच्या फडक्यानें गाळल्यानें काडीकचरा अडकेल, पाणी अडकणार नाहीं. पिंप किंचित् तिरपें ठेवावें, एक दिवस स्थिर राहूं द्यावें आणि वरचें तेल काढावें. आणखी एक गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. जस्ताचा मुलामा दिलेल्या डब्यांत किंवा पिंपांत डिझेल ठेवूं नये. जस्त अत्यल्प प्रमाणांत तेलांत उतरतें आणि तोट्यांवर काजळी धरण्यास मदत करतें. युरोपांत इंजिनाच्या तोट्या किती लवकर मळतात हें तपासण्याची एक प्रमाण-चांचणी आहे. तींत तोट्या मुद्दाम मळविण्यासाठीं दहा लाख भाग तेलांत एक भाग जस्त घालतात! आपल्या घरीं ती चांचणी आपण फुकट करून घेत असतों.

पंपावर ग्राहकास कांहीं हक्क आहेत, ते मागण्यास संकोच वाटूं नये. पंपावर पांच लिटरचें शिक्का मारलेलें माप असतें. शंका आल्यास त्यांत तेल मापून मागावें. पांच लिटरांत २५ मिलिलिटरपर्यंतची चूक क्षम्य समजतात, त्याहून कमी भरल्यास वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करतां येते. घनता मोजण्याची कांचनळी आणि उष्णतामापकही तेथें असतात. तेलाची घनता मोजून ती १५ अंशांच्या मानानें किती होते हें कोष्टकावरून काढतात, आणि टँकर आला त्या दिवसाच्या नोंदीशीं ताडून पाहतात. घनमीटरमागें तीन किलोग्रॅमहून अधिक तफावत आढळली तर मध्यंतरीं कांहीं मिसळलें असावें असा संशय धरण्यास जागा होते. वरच्या इयत्तांतील आपल्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत घनतामापक हाताळलेलेंच आहे. पंपावरचें यंत्र त्याचाच भाऊ. टोपणांत डिझेल घेऊन वास घेणें किंवा बोटांवर चोळून पाहणें यापेक्षां ही परीक्षा कितीतरी भरंवशाची.

आतां राहिला खुद्द गाडीवर प्रयोग करून पाहण्याचा प्रश्न. येथें सुशिक्षित माणसेंही फसतात. अमरावतीहून अकोल्यास जाऊन परत येणें म्हणजे ढोबळ मानानें दोनशें किलोमीटर. गाडी लिटरला वीस किलोमीटर जाते असें धरल्यास दहा लिटर तेल लागेल. टाकी 'फुल्ल' भरतांना नळी एकदां थोडी अगोदर थांबली आणि अर्धा लिटर कमी गेलें, तर हिशेबांत पांच टक्क्यांची चूक आली. दोन कंपन्यांमधील फरक असला तरी तो दोनतीन टक्क्यांचा. तो या चुकीच्या पोटांत कोठें गडप झाला तें कळणारही नाहीं. शिवाय वेग आहे. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ८० च्या ऐवजीं १०० किलोमीटर वेगानें गेल्यास तो दीडपटीहूनही अधिक होतो. चाकांतील हवा, गाडींतील माणसें, मे महिन्यांतील थंड हवेचें यंत्र, समोरचा वारा, हीं सगळीं आपापला वांटा उचलतात. रस्त्याचेंच उदाहरण घ्या. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर अमरावती व अकोला यांच्या दरम्यान ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत ७५ किलोमीटर लांबीची डांबरी पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घालण्यांत आली आणि तिची गिनेसच्या जागतिक विक्रमांत नोंद झाली. ज्या गाडीवाल्यानें नेमका त्याच महिन्यांत पंप बदलला असेल, त्याचें ॲव्हरेज सुधारलें असल्यास श्रेय त्यानें नव्या रस्त्यास दिलें असेल कीं नव्या पंपास ? मनुष्यस्वभाव पाहतां पंपासच दिलें असण्याचा संभव अधिक.

यावर उपाय गणिताच्या साध्या शिस्तीचा आहे, आणि शाळेच्या विज्ञानमंडळास तो सहज जमण्यासारखा आहे. एकच गाडी, एकच चालक, एकच रस्ता व शक्यतों एकच वेळ ठरवावी. अ आणि ब हे निरनिराळ्या कंपन्यांचे दोन पंप निवडावे. आधीं सर्व फेऱ्या अ च्या व मग सर्व ब च्या असें करूं नये; मध्यंतरीं ऋतु पालटतो. अ, ब, ब, अ या क्रमानें टाक्या भराव्या, आणि प्रत्येकीचें निदान हजार किलोमीटर अंतर होऊं द्यावें. टाकी रोज त्याच नळीनें, पहिल्यांदा नळी आपोआप थांबेल तेथपर्यंतच भरावी, गाडी त्याच सपाट जागीं उभी करून. आज कोणतें तेल आहे हें चालकास सांगूं नये. आवडत्या पंपाचें तेल आहे असें कळलें कीं उजवा पाय आपोआप हलका पडतो. पावत्या जपून ठेवाव्या, घनता लिहून घ्यावी, आणि आंकडे हातीं आल्यावर प्रथम अ च्याच दोन टाक्यांमध्यें आपसांत किती फरक पडला तें पाहावें. तो फरक अ आणि ब यांच्यामधील फरकाएवढाच असेल, तर दोन्ही तेलें आपल्या मापापुरतीं सारखीं समजावीं. आणि ब चा आंकडा दर खेपेस सातआठ टक्क्यांनीं मागें पडत असेल, तर कंपनीचें नांव घेण्याची घाई न करतां त्याच कंपनीच्या दुसऱ्या एखाद्या पंपावरचें तेल भरून, तितक्याच फेऱ्या पुन्हां कराव्या. तेथें आंकडा सुधारला तर दोष कंपनीच्या तेलाचा नसून त्या एका पंपाच्या टाकीचा किंवा मापाचा आहे असें समजावें.